रात्री अडीचचा फोन: विद्यार्थ्यांच्या परदेशी दौऱ्यासाठी विद्यापीठाने काय तयारी ठेवावी

दरवर्षी जानेवारीच्या पूर्वार्धात जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात हाइमटेक्स्टिल हे घरगुती कापडाचे मोठे व्यापारी प्रदर्शन भरते. टॉवेल आणि चादरींच्या धंद्यातील सोलापूरकरांना हे नाव नवे नाही. समजा, सोलापुरात वस्त्रोद्योग शिकणारे १८ विद्यार्थी दोन शिक्षकांबरोबर ते पाहायला गेले आहेत. तिसऱ्या दिवशी रात्री दहा वाजता एक विद्यार्थिनी गोठलेल्या पदपथावरून घसरते, तिच्या डोक्याला मार लागतो, ती शुद्धीवर येत नाही आणि रुग्णवाहिका तिला घेऊन जाते. हिवाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे सोलापुरात तेव्हा रात्रीचे अडीच वाजलेले असतात. त्यातच हे दिवस सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेचे असतात; शहर नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागे असते आणि कार्यालयांना सुट्टी असते. अशा वेळी शिक्षकांनी फोन कोणाला करायचा, तो कोण उचलणार, आणि उचलणाऱ्याला त्या क्षणी काय ठरवता येणार?

परदेशी दौऱ्यांच्या आपत्कालीन तयारीविषयी जे काही सांगता येईल, ते सगळे या तीन प्रश्नांपाशी येऊन थांबते. माझ्या मते फोन उचलणाऱ्या माणसाकडे निर्णयाचा अधिकार, खर्च करण्याची मुभा आणि हाताशी असलेली माहिती या तीन गोष्टी एकत्र असल्या, तर विद्यापीठ तयार आहे. त्यांतली एक जरी नसली, तरी कितीही जाड नियमावली छापलेली असो, पहिले काही तास वाया जातात. आणि डोक्याला मार, हृदयविकार, दंगल किंवा भूकंप यांपैकी काहीही घडले, तरी पहिले तासच मोलाचे असतात.

अधिकारापासून सुरुवात करू. विद्यापीठाचा रोजचा कारभार टिपणी, शिफारस आणि मंजुरी या क्रमाने चालतो. विभागप्रमुख लिहितात, कुलसचिव पुढे पाठवतात, वित्त व लेखा अधिकारी तरतूद पाहतात, कुलगुरू सही करतात. सार्वजनिक पैशाचा हिशेब ठेवण्यासाठी हा क्रम योग्यच आहे. मात्र रात्री अडीच वाजता तो चालू शकत नाही. कायद्याने याची जाणीव ठेवलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मधील कलम १२ नुसार, तातडीची कारवाई आवश्यक आहे असे वाटल्यास कुलगुरूंना ती करता येते आणि नंतर संबंधित प्राधिकरणाला त्याची माहिती द्यावी लागते. पण कुलगुरू स्वतः विमानात असतील, आजारी असतील किंवा त्यांचा फोन लागत नसेल, तर काय करायचे, याचे उत्तर विद्यापीठाने आधीच लेखी द्यायला हवे. दौरा निघण्यापूर्वी एक साधा कार्यालयीन आदेश काढावा: दौऱ्याच्या काळात अमुक अधिकारी दिवसरात्र फोनवर उपलब्ध राहतील, ते न मिळाल्यास तमुक, आणि या दोघांना ठरावीक रकमेपर्यंत खर्च करण्याचा, तिकिटे बदलण्याचा व दौरा थांबवण्याचा अधिकार राहील. हा आदेश एका पानाचा असावा आणि त्यावर पदाबरोबर माणसाचे नावही असावे, कारण पद फोन उचलत नाही.

हेच दौऱ्यावरील शिक्षकांच्या बाबतीत. वीस जणांच्या गटाबरोबर एकच शिक्षक पाठवणे मला अजिबात मान्य नाही. एक विद्यार्थी रुग्णालयात गेला की एका शिक्षकाने त्याच्याजवळ थांबायचे असते आणि दुसऱ्याने उरलेल्यांना सांभाळायचे असते. गटात मुली असतील, तर दोघा शिक्षकांपैकी एक तरी शिक्षिका हवी. शिवाय आजारी पडणारा माणूस शिक्षकच असू शकतो, ही शक्यता आपण सहसा धरत नाही. म्हणून दोन्ही शिक्षकांखालोखाल विद्यार्थ्यांपैकी दोघा जाणत्यांना सगळे क्रमांक, विम्याची कागदपत्रे आणि मुक्कामाचे पत्ते दिलेले असावेत आणि हे सगळे त्यांच्याकडे आहे हे बाकीच्यांना ठाऊक असावे.

पैशाचा प्रश्न मुख्यतः विम्याचा आहे. जर्मनीसह शेंगेन गटातील, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. त्यामुळे पुष्कळदा असे होते की व्हिसाची अट पूर्ण करणारी सर्वांत स्वस्त पॉलिसी घेतली जाते आणि तिच्या अटी कोणी वाचत नाही. विमा ही व्हिसाची औपचारिकता आहे असे समजणे, ही या सगळ्या तयारीतली सर्वांत महागात पडणारी चूक ठरू शकते. पॉलिसीत चार गोष्टी शोधाव्यात. आधीपासून असलेला आजार, म्हणजे दमा, मधुमेह, फेफरे, तीत धरला आहे का? रुग्णालयाला विमा कंपनी थेट पैसे देते, की आधी आपण भरायचे आणि मग परत मिळवायचे? रुग्णाला वैद्यकीय देखरेखीखाली भारतात आणण्याचा खर्च त्यात आहे का, आणि दुर्दैवाने मृत्यू झाल्यास पार्थिव आणण्याचा? चौथी गोष्ट म्हणजे काय वगळले आहे. मद्यप्राशनानंतरचे अपघात, साहसी खेळ आणि युद्धजन्य परिस्थिती या बाबी अनेक पॉलिसींमध्ये वगळलेल्या असतात. स्वित्झर्लंडला जाऊन बर्फावर घसरगुंडीचा खेळ खेळायचा बेत असेल, तर तो खेळ विम्यात आहे की नाही हे सोलापुरातच पाहायला हवे.

विमा कंपनीचा चोवीस तासांचा मदत क्रमांक असतो. रुग्णालयात पोहोचल्याबरोबर, उपचार सुरू असतानाच, त्यावर कळवावे लागते; उशिरा कळवल्यास दाव्यात अडचण येऊ शकते. तो क्रमांक परदेशातून लागणारा आहे का, हे निघण्यापूर्वी तपासून ठेवावे, कारण भारतातील टोल-फ्री क्रमांक बाहेरच्या देशातून लागतीलच असे नाही. याखेरीज प्रत्येक शिक्षकाकडे एक फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकी चलन भरलेले कार्ड असावे, ज्यात सोलापुरातून कोणीतरी रात्रीही पैसे भरू शकेल. आपल्या अंगवळणी पडलेले यूपीआय थोड्याच देशांत आणि तेही ठरावीक ठिकाणी चालते.

आता माहितीकडे वळू. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि याला पैसाही लागत नाही.

प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक पान करावे. त्यावर पासपोर्ट व व्हिसाची माहिती, रक्तगट, औषधांची ॲलर्जी, चालू औषधे, घरातील दोन व्यक्तींचे क्रमांक, आणि एक संमती असावी. या संमतीचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही. १८ वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी कायद्याने सज्ञान असतो आणि युरोप-अमेरिकेत रुग्णाच्या माहितीविषयीचे नियम कडक आहेत. तेथील डॉक्टर बेशुद्ध रुग्णावर तातडीचे उपचार करतील, पण ‘मी तिची शिक्षिका आहे’ एवढ्यावर तिच्या प्रकृतीचा तपशील सांगतीलच असे नाही. माझ्या आजाराची माहिती विद्यापीठाच्या अमुक प्रतिनिधीला आणि माझ्या अमुक नातेवाइकांना द्यावी, असे विद्यार्थिनीने इंग्रजीत लिहून सही केलेले पत्र शिक्षिकेच्या हाती असले, तर बोलणे पुष्कळ सोपे होते. अशी खासगी माहिती घेतली की ती जपण्याची जबाबदारीही विद्यापीठावर येते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ मध्ये कायदा झालेला आहे. ही पाने व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायची नसतात आणि काम संपल्यावर नष्ट करायची असतात.

ही पाने दोन ठिकाणी हवीत: दौऱ्यावर आणि सोलापुरात. असे का, ते एका अत्यंत दुःखद घटनेवरून कळेल. २४ मार्च २०१५ रोजी बार्सिलोनाहून जर्मनीला निघालेले जर्मनविंग्ज कंपनीचे विमान फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात कोसळले. त्यातील १५० जणांमध्ये जर्मनीच्या हाल्टर्न गावातील एका शाळेचे १६ विद्यार्थी आणि त्यांच्या दोन शिक्षिका होत्या. विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या कार्यक्रमातून ते स्पेनहून परतत होते. अशा अपघातात गटाबरोबर शिक्षकही दगावू शकतात. ज्या वेळी दौऱ्यावरचे कोणीच उत्तर देऊ शकत नाही, त्या वेळी कोण विमानात चढले होते, कोणाचे घर कुठे आहे आणि त्या घरी आधी कोणी जायचे, हे मागे राहिलेल्यांना माहीत असावे लागते. म्हणूनच प्रत्येक प्रवासाच्या टप्प्यावर, म्हणजे विमानात, बसमध्ये वा बोटीत बसल्यावर, शिक्षकांनी डोकी मोजून तो आकडा सोलापूरला कळवण्याची शिस्त हवी.

मोजदादीची ही शिस्त आपल्याला परकी नाही. माउलींच्या पालखी सोहळ्यात प्रत्येक दिंडीला रथापुढचा किंवा रथामागचा क्रमांक असतो, आणि चुकलेल्या वारकऱ्याला तेवढा क्रमांक सांगता आला तरी तो आपल्या माणसांत पोहोचतो. परदेशातील गटालाही असाच आधार द्यावा: प्रत्येकाच्या खिशात मुक्कामाचा पत्ता तेथील लिपीत लिहिलेले कार्ड, दोघा-दोघांच्या जोड्या, आणि फोन बंद पडल्यास एकत्र यायची दोन ठरलेली ठिकाणे. दुसरे ठिकाण अशासाठी की पहिले पोलिसांनी बंद केलेले असू शकते.

स्थानिक आपत्कालीन क्रमांक तोंडपाठ असावेत. युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९. जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका व अग्निशमनासाठी ११९ असे दोन वेगळे आहेत. जर्मनीत रुग्णवाहिकेसाठी ११२ आणि पोलिसांसाठी ११०. आपल्या फ्रँकफर्टच्या गटाला त्या शहरातील भारतीय महावाणिज्य दूतावासाचा पत्ता आणि क्रमांकही ठाऊक हवा. पासपोर्ट हरवल्यास आधी स्थानिक पोलिसांत तक्रार आणि मग दूतावास, असा क्रम असतो. नवा पासपोर्ट मिळण्याइतका वेळ नसेल, तर भारतात परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र दूतावासाकडून मिळते. एखाद्याला अटक झाल्यास, आपल्या दूतावासाला कळवावे असे सांगण्याचा त्याला अधिकार असतो. हा अधिकार १९६३ च्या व्हिएन्ना करारातील कलम ३६ ने दिलेला आहे. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानने याच कलमाचा भंग केल्याचा निर्णय दिला होता, म्हणून मराठी वाचकांना हा अधिकार परिचित आहे. पण तो अधिकार नकळत नियम मोडलेल्या एखाद्या साध्या विद्यार्थ्यालाही तितकाच लागू असतो, हे विद्यार्थ्यांना सांगितलेले नसते.

नकळत नियम मोडण्याचे एक घरगुती उदाहरण देतो. आपल्या स्वयंपाकघरातील खसखस संयुक्त अरब अमिरातीत नेण्यास बंदी आहे, आणि वेदनाशामक म्हणून दिली जाणारी ट्रामाडोल किंवा कोडीन असलेली औषधे तेथे पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत. आईने प्रेमाने बांधून दिलेल्या डब्यामुळे मुलगा दुबईच्या विमानतळावर अडकू शकतो. दुबईत फक्त विमान बदलायचे असले, तरी हे ध्यानात ठेवलेले बरे. म्हणून पालकांच्या सभेत सामानाविषयी बोलायलाच हवे, आणि औषधाची चिठ्ठी डॉक्टरांकडून मूळ औषधी नावाने लिहून घ्यायला हवी, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिकडच्या डॉक्टरांना कळत नाहीत.

धोक्याची माहिती घेणे हेही तयारीतच येते, आणि ती स्थानिक माणसाकडून घ्यावी लागते. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले; वरच्या धरणातून पाणी सोडले जाईल याची त्यांना कल्पना नव्हती. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले. या दोन्ही सहली देशातल्याच होत्या, भाषा जवळची होती, तरी त्या जागेचा धोका पाहुण्यांना कळला नाही. परदेशात तर किनाऱ्यावरच्या इशाऱ्याची पाटीही वाचता येत नाही. सोलापूरकडच्या पुष्कळ मुलांचा समुद्राशी आणि बर्फाशी संबंध आलेला नसतो, हे मान्य करून पाण्यात उतरण्याविषयीचे नियम अगदी स्पष्ट ठेवावेत.

सर्वांत अवघड निर्णय म्हणजे थांबायचे की निघायचे. युक्रेनचे उदाहरण अजून सर्वांच्या मनात ताजे आहे. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी कीव्ह येथील भारतीय दूतावासाने, राहणे अत्यावश्यक नसलेल्या भारतीयांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा, असे कळवले होते. २४ फेब्रुवारीला युद्ध सुरू झाले आणि हवाई मार्ग बंद झाला. मधल्या नऊ दिवसांत अनेक विद्यार्थी निघू शकले नाहीत: वर्ग बुडतील ही भीती होती, तिकिटे महाग होती, आणि घरच्यांना काय सांगावे हे कळत नव्हते. पुढे ऑपरेशन गंगा राबवून शेजारच्या देशांतून १८,००० हून अधिक भारतीयांना परत आणावे लागले. त्या मुलांना दोष देण्यासारखे यात काहीही नाही. अनिश्चिततेत प्रत्येक माणूस आणखी एक दिवस वाट पाहतो, आणि म्हणूनच निर्णयाचे निकष शांत वेळी ठरवून ठेवायचे असतात. उदाहरणार्थ, परराष्ट्र मंत्रालयाने वा दूतावासाने प्रवासाविषयी सूचना काढली की चोवीस तासांच्या आत बैठक होईल. देश सोडण्याचा सल्ला आला की चर्चा न करता परतीची तिकिटे काढली जातील. विमानतळ बंद झाला तर गट मुक्कामाची जागा सोडणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमधील आंदोलनात काठमांडूचा विमानतळ अचानक बंद झाला, तेव्हा तो कधी उघडेल हे तिथे अडकलेल्या प्रवाशांना कोणीच सांगू शकत नव्हते. अशा वेळी रस्त्यावर निघालेल्या गटापेक्षा हॉटेलात अन्न, पाणी आणि चार्ज केलेले फोन घेऊन थांबलेला गट अधिक सुरक्षित असू शकतो. म्हणून निकषांत ‘निघा’ याबरोबरच ‘थांबा’ हेही लिहिलेले असावे.

परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे, आणि परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना तेथे आपली नोंद करता येते. अल्पकालीन दौऱ्यातील गटाने निदान आपल्या दूतावासाला यादी व कार्यक्रम ईमेलने कळवून ठेवावा. भारतीय समुदाय कल्याण निधीतून संकटातील गरजू भारतीयांना दूतावास मदत करू शकतो. तथापि तो निधी खरोखर निरुपाय झालेल्यांसाठी आहे, विद्यापीठाने त्याचा हिशेब आपल्या योजनेत धरू नये.

लैंगिक छळाच्या तक्रारीविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार शैक्षणिक सहली आणि प्रवासही विद्यापीठाच्या आवारातच गणले जातात. म्हणजे फ्रँकफर्टमध्ये घडलेल्या प्रकाराची दखल अंतर्गत तक्रार समितीला घ्यावीच लागते. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तो बरोबरचा शिक्षकच असेल, तर विद्यार्थिनीने कोणाशी बोलायचे? तिच्याकडे सोलापुरातील एका महिला अधिकाऱ्याचा थेट क्रमांक असावा, आणि त्या अधिकाऱ्याला त्या शिक्षकाकडील जबाबदारी त्याच रात्री काढून दुसऱ्याकडे देता यावी.

एवढे झाल्यावर विद्यार्थिनीच्या घराकडे वळू, कारण रात्री अडीचच्या त्या फोननंतर दुसरा फोन तिकडेच जायचा आहे. सोलापुरातल्या घरांचा विचार सोलापूरच्याच रीतीने करावा लागतो. पूर्व भागातील घरात तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडच्या घरात कन्नड, कुठे उर्दू. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला असतील, तर मागांच्या खडखडाटात फोनची घंटा ऐकू येत नाही. आई विड्या वळत असेल आणि घरातला एकमेव स्मार्टफोन मुलीबरोबर जर्मनीला गेलेला असेल. म्हणून अर्जावर ‘पालकांचा मोबाइल’ एवढा एकच रकाना पुरत नाही. घरी कोणती भाषा बोलतात, रात्री कोण असते, आणि शेजारपाजारचा विश्वासाचा माणूस कोण, हेही विचारून ठेवावे. गंभीर बातमी फोनवर देऊ नये. घरच्यांची भाषा बोलणारा विद्यापीठाचा माणूस, शक्यतो मुलीला शिकवणारा, सोबत आणखी एकाला घेऊन त्या घरी गेला पाहिजे आणि तो गटातील इतरांचे व्हॉट्सॲप संदेश पोहोचण्याआधी गेला पाहिजे. दौऱ्यावरील विद्यार्थ्यांना आधीच विनंती केलेली असावी की अपघाताचे फोटो व नावे कोणालाही पाठवू नयेत, पण आपण सुखरूप आहोत एवढे घरी जरूर कळवावे. तेवढेही बंद केले, तर उरलेली १७ कुटुंबे घाबरून जातील. घरच्यांना कळल्याशिवाय पत्रकारांना नाव सांगायचे नाही, हा नियम तर निरपवाद असावा. आणि आईवडिलांपैकी कोणाला जर्मनीला जावे लागले, तर त्यांच्याकडे पासपोर्ट आहे का? निदान एका पालकाने दौऱ्यापूर्वी पासपोर्ट काढून ठेवावा असे सुचवायला हरकत नाही, सक्ती मात्र नको. तो खर्च प्रत्येक घराला झेपत नाही.

हे सारे एका छोट्या महाविद्यालयाने एकट्याने करावे, अशी अपेक्षा योग्य नाही. बार्शी, पंढरपूर वा अकलूजचे महाविद्यालय दोन-तीन वर्षांतून एखादा गट बाहेर पाठवते. चोवीस तासांची व्यवस्था त्याला परवडणार नाही. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एका जिल्ह्यासाठी स्थापन झाले, आणि एका जिल्ह्याचे विद्यापीठ असण्याचा इथे फायदाच आहे: एक आपत्कालीन क्रमांक, विम्याची एकत्रित खरेदी, एकच अर्जाचा नमुना आणि घरी जाऊ शकणाऱ्या शिक्षकांची तालुकावार यादी असे सर्व संलग्न महाविद्यालयांसाठी एकदाच उभे करता येईल.

मग रंगीत तालीम. विद्यापीठाच्या केगाव येथील आवारात एखाद्या शनिवारी दुपारी दोन तास पुरतात. कुलसचिव, वित्त अधिकारी, विद्यार्थी विकास संचालक, जनसंपर्काचे काम पाहणारी व्यक्ती आणि दौऱ्याचे दोन्ही शिक्षक एका टेबलाभोवती बसतात, आणि सूत्रधार पहिली चिठ्ठी वाचतो: विद्यार्थिनी बेशुद्ध आहे, रुग्णालयाला विम्याचा क्रमांक हवा आहे. कोणाकडे आहे? तोंडी उत्तर घ्यायचे नाही, क्रमांक प्रत्यक्ष काढून दाखवायचा. दहा मिनिटांनी दुसरी चिठ्ठी: शिक्षिकेच्या फोनची बॅटरी संपली. तिसरी: विद्यार्थिनीच्या भावाला कोणाकडून तरी कळले असून तो विद्यापीठाच्या फाटकावर आला आहे. चौथी: एका वाहिनीचा फोन. मदत क्रमांकावर खरोखर फोन लावून पाहावा आणि आदेशातील अधिकाऱ्याला पुढच्या आठवड्यात एका रात्री, आधी न सांगता, अडीच वाजता उठवून पाहावे. जे उत्तर मिळाले नाही ते लिहून घ्यायचे, समोर जबाबदार व्यक्तीचे नाव आणि तारीख टाकायची. प्रसंग खरा असेल तेव्हाही एका व्यक्तीचे काम केवळ नोंद ठेवण्याचे असावे: किती वाजता, कोणी, काय सांगितले आणि काय ठरले. थकलेल्या माणसांच्या आठवणीवर नंतर ना विम्याचा दावा उभा राहतो, ना चौकशी.

गट परतल्यावर आठ दिवसांत एक बैठक घ्यावी, काही घडले नसले तरीही. कोणाचे कार्ड चालले नाही, कोण चुकीच्या ट्राममध्ये बसले, कोणाला चार रात्री झोप लागली नाही, हे त्या बैठकीत कळते आणि पुढच्या दौऱ्याच्या शिक्षकांच्या हातात ती वही जाते. आणि आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनी बरी होऊन आली, तरी काम संपत नाही. तिची बुडालेली हजेरी, चुकलेली परीक्षा, अपघात डोळ्यांसमोर पाहिलेल्या तिच्या मैत्रिणीसाठी समुपदेशन, जर्मन भाषेतील बिलांचे भाषांतर आणि विम्याचा दावा हे सगळे तिच्या वडिलांवर सोडता येत नाही. त्यासाठी विद्यापीठातील एका व्यक्तीचे नाव ठरलेले असावे, आणि दाव्याची शेवटची पावती फाइलला लागेपर्यंत ते काम त्याच नावावर राहावे.